हुजूर दफ्तर : पेशव्यांचे कारभार खाते
(प्रस्तावना)

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला पानिपत, राक्षसभुवन आणि खर्डा ही नावे तोंडपाठ असतात. कोणत्या वर्षी कोणता सरदार कुठल्या मोहिमेवर होता, हेही तो सांगू शकतो. त्या मोहिमेला निघालेल्या फौजेचा पैसा कोणत्या महालातून आला, किती हप्त्यांनी आला, कोणी पारखून घेतला, कोणत्या कीर्दीत जमा झाला आणि कोणाच्या नावे खर्ची पडला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. या पुस्तकाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. तो विचारला की पहिल्या प्रश्नाची उत्तरेही बदलू लागतात, असा माझा अनुभव आहे आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

पेशवाईच्या काळात पुण्यात सरकारचे एक मोठे खाते होते. त्यात दोनशेहून अधिक कारकून काम करत. राज्याचा सगळा जमाखर्च, इनामे, सरंजाम, वतने, देवस्थानांच्या नेमणुका, फौजेची तैनात, किल्ल्यांचा खर्च, जकातीचे मक्ते आणि परमुलखातून आलेल्या खंडण्या या सर्वांची नोंद तिथे होत असे. त्या खात्याला हुजूर दफ्तर म्हणत. आज ‘पेशवे दफ्तर’ म्हटले की पुण्याच्या पुराभिलेखागारातील दगडी इमारत आणि फडक्यात बांधलेले हजारो रुमाल डोळ्यांपुढे येतात. ते या खात्याचे अवशेष आहेत. खाते बंद पडले, माणसे उठून गेली आणि कागद मागे राहिले. आपण गेली सव्वाशे वर्षे त्या कागदांना कोठार समजून त्यातून हवे ते उचलत आलो आहोत. ते लिहिणारे खाते कसे चालत होते, याकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिले.

ज्यांनी लक्ष दिले त्यांची नावे घेतली पाहिजेत, आणि त्यातली अडचणही सांगितली पाहिजे. या खात्याच्या रचनेची जी वर्णने आपण वाचतो, ती मुख्यतः तीन इंग्रज अधिकाऱ्यांची आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी आपला अहवाल दिला. त्याच्या हाताखालच्या मॅक्लिऑडने पुण्यातले दफ्तर प्रथम तपासले. पुढे इनामांच्या चौकशीचे काम पाहिलेल्या एथरिजने १८७०च्या दशकात त्या चौकशीचा वृत्तांत लिहिला. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावर आपला मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले हुजूर दफ्तराचे प्रकरणही बव्हंशी याच साहित्यावर उभे आहे. म्हणजे आपल्या राज्याच्या कचेरीचे चित्र आपण अजून ती ताब्यात घेणाऱ्यांच्या नजरेतून पाहतो. त्यांची नजर तीक्ष्ण होती आणि त्यांची माहिती बरीचशी खरी होती. पण जिंकलेल्या मुलखाचा वसूल कसा बसवावा आणि कोणाचे इनाम चालू ठेवावे, हे त्यांना ठरवायचे होते. त्या गरजेपुरतेच त्यांनी दफ्तर पाहिले. खात्याने स्वतःच्या कागदात स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे, ते त्यांच्या वर्णनाहून कितीतरी अधिक आहे.

या खात्याची मुळे शिवछत्रपतींच्या काळात जातात. मजुमदार, सुरनीस, वाकनीस ही पदे तेव्हाच होती. १६७४च्या राज्याभिषेकानंतर त्यांना अमात्य, सचिव, मंत्री अशी संस्कृत नावे मिळाली. मजुमदाराने हिशेब पाहावा, सुरनीसाने पत्रे तपासून त्यावर चिन्ह करावे, चिटणिसाने मजकूर लिहावा, अशी कामाची वाटणी होती. कागद एका हातून निघाला तरी चार हातांखालून गेल्याशिवाय तो सरकारचा होत नसे. पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उठला की मजकुराची हद्द संपली आणि त्यापुढे एक अक्षरही कोणाला घालता येणार नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे.

परंतु इतक्या मोठ्या खात्याची गरज शिवकाळात नव्हती. ती निर्माण झाली १७१९ नंतर. त्या वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, आणि त्या उत्पन्नाची वाटणी ठरली. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईचा चौथा हिस्सा बाबती म्हणून पुन्हा छत्रपतींचा. उरलेल्यातून सहोत्रा सचिवाचा आणि नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीने कोणाला द्यायचा. बाकीचा मोकासा सरदारांत वाटायचा. एका सरदाराचा मोकासा सलग एका प्रांतात न देता ठिकठिकाणी विखुरलेला असे. त्यामुळे एकाच गावच्या वसुलावर मोगलाई जहागिरदार, सरदेशमुखीचा वसूलदार, बाबतीचा, सहोत्र्याचा आणि मोकाशाचा असे निरनिराळे हक्क येऊन बसले. शिवाय त्यावर देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुलकर्णी यांचे वतनी हक्क होतेच.

ही गुंतागुंत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नेमकी हेरली होती. हिशेब इतके अवघड झाले की ते जाणणाऱ्या कारकुनांच्या हाती सत्ता गेली, असे त्याचे म्हणणे. या निष्कर्षात तथ्य आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. या गुंतागुंतीने सरदारांना एकमेकांशी आणि मध्यवर्ती सरकारशी बांधून ठेवले. नर्मदेपलीकडे मुलूख जिंकणारा सरदारही आपल्या हिश्श्याची नोंद पुण्याला असावी म्हणून धडपडत असे. तलवारीने मिळवलेले उत्पन्न टिकायला सनद लागे, आणि सनदेची नोंद दफ्तरात लागे. शाहू छत्रपतींच्या मृत्यूनंतर, १७४९ च्या अखेरीस, राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे वळला आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात दफ्तराची घडी बसली. सदाशिवरावभाऊंचे नाव आपण पानिपताशी जोडतो. त्याआधीची कितीतरी वर्षे ते जमाखर्चावर बारीक नजर ठेवणारे कारभारी होते, हे दफ्तर वाचताना पदोपदी जाणवते.

दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. एक चालते दफ्तर, दुसरे एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर थेट फडणिसाच्या हाताखाली असे. त्यात पुन्हा तीन शाखा होत्या. फड ही पहिली. पेशव्यांचा प्रत्येक हुकूम आणि प्रत्येक सनद इथून बाहेर पडे, आणि रोजचा जमाखर्च इथे लिहिला जाई. दुसरी शाखा बेहड्याची. फडाकडून आणि महालांकडून आलेल्या हिशेबांवरून पुढच्या सालचा अंदाज, म्हणजे बेहडा, ही शाखा तयार करी. तिसऱ्या शाखेकडे सरंजामाचे आणि दुमाला गावांचे हिशेब असत. स्वारी निघाली की चालत्या दफ्तराचे कारकून सरकारबरोबर निघत. एकबेरीज दफ्तर मात्र पुण्याहून हलत नसे. सगळ्या खात्यांचे हिशेब अखेर तिथे जमत, त्यांची छाननी होई, आणि जमा, खर्च व शिल्लक एका नजरेत दिसेल असा तर्जुमा तिथे तयार होई. विषयवार खतावण्याही तिथेच बनत. एखाद्या देवस्थानाला मागे काय मिळत होते, एखाद्या पथकाची तैनात केव्हा वाढली, हे विचारले तर उत्तर एकबेरजेतून निघे.

एका महालाचे एक वर्ष डोळ्यांपुढे आणले म्हणजे हे यंत्र समजते.

वर्ष सुरू होई मृगापासून. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवे साल लागे, कारण वसूल पिकाशी बांधलेला आणि पीक पावसाशी. कागदावर साल अरबी शब्दांत लिहिले जाई. पानिपतच्या मोहिमेचे साल इहिदे सितैन मया व अलफ असे येते, म्हणजे शुहूर सन ११६१, इसवी सन १७६०-६१. महिना मुसलमानी चांद्र, आणि तारखेआधी ‘छ’. नवख्या वाचकाला ही पद्धत दमवते, पण महिनाभरात ती सवयीची होते. मग एकाच कागदावर हिजरी महिना, मृगसाल आणि गणपतीच्या उत्सवाचा खर्च शेजारी शेजारी पाहून त्या काळच्या महाराष्ट्राची जी ओळख पटते, ती कोणत्याही बखरीतून पटत नाही.

साल लागण्याच्या सुमारास बेहडा ठरे. या महालातून इतका आकार, पैकी इतका किल्ल्यांच्या शिबंदीला, इतका देवस्थानांना, इतका इनामदारांना वजा, आणि बाकीचा हुजूर. महालाचा वसूल आणि कारभार पाहणारा अधिकारी, म्हणजे कमाविसदार, तो पत्करून महालात जाई. बहुधा त्याआधी त्याला काही रक्कम रसद म्हणून सरकारात भरावी लागे. ती त्याने सावकाराकडून घेतलेली असे. तिचे व्याज तो कोठून काढणार, हे रयतेला चांगले ठाऊक होते.

महालात कमाविसदार एकटा नसे. त्याच्याभोवती दरकदार असत आणि ते त्याचे नोकर नसत. दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे आठ दरक ठिकठिकाणी आढळतात. बरेचसे वंशपरंपरेने चालत. हिशेब आणि लेख मजुमदाराने पाहिल्यावाचून फडणिसाकडे जात नसत. फडणीस प्रत्येक कागदावर तो झाला त्याच वेळी तारीख घाली, रोजची कीर्द लिही आणि दिवसाचे कागद रुमालात बांधून ठेवी. त्या कीर्दीवरून दफ्तरदार खतावणी करी आणि दरमहा गोषवारा हुजुरात पाठवी. पोतनिसाकडे जमा-शिल्लक आणि पोतदाराकडे नाण्याची पारख. ही पारख किरकोळ काम नव्हते. देशात निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. एका रुपयाचा बट्टा दुसऱ्याहून वेगळा असे, आणि पोतदाराने डोळा झाकला तर सरकारचे हजारोंनी नुकसान होई.

यातली कळीची गोष्ट अशी की कमाविसदाराला यांपैकी कोणालाही काढता येत नसे. उलट त्याचे वर्तन बिघडले तर हुजुरात कळवणे हे त्यांचे कर्तव्यच होते. कमाविसदार बदले, पण दरकदार आणि देशमुख-देशपांडे तिथेच राहत. म्हणून पुण्याला गेलेला हिशेब दोन वाटांनी पडताळता येई. एक कमाविसदाराच्या कागदांवरून, दुसरी वतनदारांच्या दफ्तरावरून. आजच्या भाषेत आपण ज्याला लेखापरीक्षण म्हणतो, ते वर्षाच्या शेवटी बाहेरून येणारे काम नव्हते. ते रोज, त्याच चावडीत, कमाविसदाराच्या शेजारी बसलेले असे. मला ही रचना मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या निर्मितींपैकी एक वाटते. किल्ले दिसतात म्हणून आपण त्यांचा अभिमान धरतो. ही रचना दिसत नाही म्हणून विस्मरणात गेली.

तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. सर्वांत मोठी उणीव एल्फिन्स्टनने नोंदवली आहे आणि दफ्तर तिला दुजोरा देते. मामलेदार, म्हणजे मुलखाचा वसूल पाहणारे अधिकारी, रयतेकडून ठरल्याहून जास्त काढत. त्यातला काही भाग दरबारातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना चारावा लागे. या रकमेला अंतस्थ म्हणत. कालांतराने ही लाच ठरावीक झाली आणि ठरावीक झाल्यावर हिशेबातही दिसू लागली. मग ती इतर रकमांसारखीच तपासली जाऊ लागली. पण कारभाऱ्यांची हाव संपली नव्हती, म्हणून रयतेवर आणखी वाढीव पट्टी बसे आणि तिच्यातून नवी अंतस्थ निघे. या साऱ्याचे ओझे शेवटी कुणब्याच्या खळ्यावर पडत असे. दफ्तर सगळे लिहून ठेवी, आणि लिहून ठेवल्याने गैर गोष्ट नियमित होत जाई. नोंदीवर उभ्या असलेल्या प्रत्येक कारभाराला हा धोका आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या खात्यात लिहिणारे हात बहुतेक ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू कुटुंबांतले होते. ज्यांच्याविषयी ते लिहीत, त्यांतल्या बहुसंख्यांना मोडीचे अक्षर वाचता येत नव्हते. रयत या कागदांत येते ती बाकीदार म्हणून, फिर्यादी म्हणून, वेठीला धरलेला माणूस म्हणून. महाराला राबता द्यावा लागला याची नोंद असते, त्याला काय वाटले याची नसते. सरकारी कोठीत आणि पागेत कामाला असलेल्या कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी इतर जिनसांच्या बरोबरीने, त्याच शांत हस्ताक्षरात येतात. त्या वाचताना हात थांबतो. पण त्या वाचल्याच पाहिजेत. त्या स्त्रियांचे नाव, मोल आणि कधी वय कोठे उरले असेल तर ते फक्त याच कागदांत. या पुस्तकात त्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ते सोडून हुजूर दफ्तराचे कौतुक करणे मला अप्रामाणिक वाटले असते.

कागदांवर आलेली संकटे आता थोडक्यात सांगतो. १७६३ मध्ये निजामअलीने पुणे लुटले तेव्हा सरकारचे कुटुंब आणि कागद सिंहगडाकडे हलवले होते. मोगलांच्या टोळीने गडाखालचे गाव जाळले आणि त्यात बरेच कागद नष्ट झाले, असे ग्रँट डफ सांगतो. शनिवारवाड्यालाही वेळोवेळी आगी लागल्या. पण कागदाचा खरा घात आगीने केला नाही.

बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस, लहान वयातच वडिलांच्या मागे या खात्याचे प्रमुख झाले. पानिपतावरून ते जिवंत परतले, त्यांच्या मातोश्री मात्र परतल्या नाहीत. माधवराव पेशव्यांच्या कडक कारकिर्दीत ते शिकले, आणि १७७४ नंतर बारभाईंच्या कारभारात राज्याचे सूत्रधार झाले. खात्याचा प्रमुख राज्याचा प्रमुख झाला, याचा दफ्तराला सुरुवातीला लाभच झाला. त्या पंचवीस वर्षांतले हिशेब वाचणाऱ्याला शिस्तीचा प्रत्यय येतो. पण एक घातक गोष्टही याच काळात घडली. राजकारणाचे महत्त्वाचे कागद हळूहळू नानांच्या खासगी संग्रहात, वाईजवळच्या मेणवलीला, जमा झाले. सरकारचा कागद कोणता आणि कारभाऱ्याचा कोणता, ही रेषा पुसट झाली. खात्याची ताकद एका माणसाच्या स्मरणशक्तीत आणि बुद्धीत साठत गेली. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले, तेव्हा त्यांच्या जागी बसेल असा माणूस खात्यात घडलेला नव्हता. नानांच्या थोरवीविषयी मनात आदर ठेवूनच हे म्हणतो.

दुसऱ्या बाजीरावांनी मामलती मक्त्याने, जो अधिक रक्कम देईल त्याला, द्यायला सुरुवात केली. हा बदल केवळ वसुलाच्या पद्धतीचा नव्हता. मामलत जर बोलीने जाणार असेल तर बेहड्याला अर्थ राहत नाही. बेहड्याला अर्थ नसेल तर मागच्या सालचे हिशेब कशासाठी तपासायचे? आणि हिशेब तपासायचे नसतील तर दरकदाराच्या अहवालाची वाट कोण पाहणार? शंभर वर्षे जपलेली साखळी अशी एकेका कडीने सुटत गेली. एथरिज लिहितो की या काळात दफ्तराकडे पूर्ण दुर्लक्ष झाले आणि लोकांना सरकारी कागद बाहेर नेण्यासही मोकळीक होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. राज्य गेले त्याची कारणे अनेक आहेत. पण फौजेला वेळेवर पैसा पोचवणारे आणि कोणाकडे किती येणे आहे हे सांगू शकणारे खाते त्याच्या दीड दशक आधीच मोडले होते, हे त्या कारणांत धरलेच पाहिजे.

इथून दफ्तराचे दुसरे आयुष्य सुरू होते. वतने, इनामे, वर्षासने चालू ठेवू, असे आश्वासन एल्फिन्स्टनने दिले होते. मॅक्लिऑडने कागद लावायला घेतले, ते याच आश्वासनाची अंमलबजावणी करता यावी म्हणून. पुढे कंपनी सरकारला इनामांत जाणारा वसूल खटकू लागला. १८४३ मध्ये चौकशी सुरू झाली आणि १८५२च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले. इनामदाराने सनद दाखवावी, आणि तिचा दाखला पेशव्यांच्या दफ्तरात सापडावा. न सापडला तर इनाम संशयास्पद. जे कागद हक्क देण्यासाठी लिहिले होते, ते आता हक्क काढण्यासाठी उघडले जाऊ लागले. यात मोठा अन्याय होता. बाजीरावांच्या काळातले दफ्तर फाटलेले, विखुरलेले होते, हे चौकशी करणाऱ्यांनाच सर्वांत चांगले माहीत होते. तरी नोंद नसल्याचा दोष सरकारच्या माथी न जाता ज्याच्या घरात तीन पिढ्या जमीन होती त्याच्यावर गेला.  १८५७ मधल्या दक्षिण मराठा मुलखातल्या असंतोषाचे एक कारण म्हणून इनाम कमिशनकडे बोट दाखवले जाते. त्यामागे या चौकशीने उठवलेली भीती होती.

विचित्र वाटेल, पण आज हे कागद उरले आहेत ते बऱ्याच अंशी त्याच चौकशीमुळे. पुरावा म्हणून त्यांना मोल आले. साताऱ्याच्या महाराजांचे, आंग्र्यांचे आणि ठिकठिकाणच्या देशमुख-देशपांड्यांचे कागद गोळा करून पुण्याला आणले गेले. त्या शेवटच्या संग्रहाला जमाव दफ्तर म्हणतात. शतक संपता संपता त्यासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि पुणेकर तिला एलिएनेशन ऑफिस म्हणू लागले. कागदांची राखण सरकारच्या महसुली हितासाठी होती, म्हणून अभ्यासकाला तिथे सहज शिरकाव नव्हता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे घरोघर, गावोगाव खासगी दफ्तरांच्या मागे हिंडले, त्याचे हेही एक कारण. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तेव्हा सर्वांत मोठे साधन पुण्यातच कुलपात होते.

ते कुलूप थोडेसे उघडले गणेश चिमणाजी वाड यांनी. त्यांनी दफ्तरातून उतरून घेतलेल्या रोजनिशीच्या निवडी डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत छापून काढल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये या रोजनिशीवर निबंध वाचला. लढायांपेक्षा कारभाराकडे पाहा, असा त्याचा रोख होता. रानडे काही महिन्यांतच गेले, आणि त्यांनी दाखवलेली वाट पुढे फारशी कोणी तुडवली नाही. मग जदुनाथ सरकार यांच्या आग्रहाने मुंबई सरकारने गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपवले आणि १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड छापून झाले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या माणसाने काही तरुण मदतनीस घेऊन हजारो रुमाल चाळले. ते ऋण महाराष्ट्र फेडू शकणार नाही.

पण निवड म्हटली की दृष्टी आली. सरदेसाईंना हवी होती ती राजकारणाची पत्रे. बातमीपत्रे, छावणीतून आलेले खलिते, घराण्यांतले कलह यांवर त्यांचा भर होता. म्हणून रुमालातून पत्र निघाले आणि जमाखर्च तिथेच राहिला. आज आपण त्या खंडांना ‘पेशवे दफ्तर’ म्हणतो, पण खात्याने जे काम रोज केले, त्याचा अगदी थोडा भाग त्यात आहे. रोजकीर्द, प्रांत अजमास, घडणी, पागा या नावांखाली बांधलेले बहुसंख्य रुमाल अजून छापले गेलेले नाहीत. ज्यांनी ते उघडले त्यांना भरभरून मिळाले. वि. त्र्यं. गुणे यांनी निवाड्यांतून मराठ्यांची न्यायव्यवस्था उभी केली. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी महसुली कागदांवरून माळव्यातला मराठी अंमल कसा पायरीपायरीने बसला ते दाखवले. अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

याचे कारण आळस नाही. मोडी येणे ही पहिली अट. ती आता शिकता येते, पुराभिलेख संचालनालय वर्ग चालवते आणि तरुण मुले-मुली त्याला येतात. पण अक्षर वाचता आले म्हणजे हिशेब वाचता येतो असे नाही. कीर्दीतली एक रक्कम खतावणीत कुठल्या सदराखाली गेली, ती ताळेबंदात का दिसत नाही, वजावट कोठे धरली, हे कळायला त्या कारकुनाच्या डोक्याने विचार करावा लागतो. त्याचे शिक्षण घरात, बापाच्या शेजारी बसून, जुन्नरी कागदावर बोरू गिरवत झाले होते. त्याचे कोणतेही पाठ्यपुस्तक आपल्याकडे नाही. ते त्याच्या कामावरूनच पुन्हा तयार करावे लागेल.

हे पुस्तक त्या दिशेने केलेला एक मर्यादित प्रयत्न आहे. पहिल्या भागात खात्याची रचना आणि त्यातली पदे आहेत. इंग्रजी वर्णने इथे घेतली आहेत, पण प्रत्येक विधान शक्य तिथे दफ्तरातल्या कागदाशी ताडून पाहिले आहे, आणि दोहोंत फरक पडला तेव्हा कागदाला झुकते माप दिले आहे. दुसऱ्या भागात एकाच महालाचा एकाच सालचा कारभार बेहड्यापासून तर्जुम्यापर्यंत पाठोपाठ मांडला आहे. वाचकाने घाईत असल्यास पहिला भाग सोडून इथूनच सुरुवात करावी. तिसरा भाग माणसांचा. कारकून, दरकदार, फिर्यादी रयत, कुणबिणी. चौथ्यात १८१८ नंतरचा इतिहास येतो. सातारा, नागपूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि इंदूर इथल्या दफ्तरांचा विचार इथे केलेला नाही. त्या प्रत्येकाची रीत थोडी वेगळी होती आणि त्यांना या एका पुस्तकात न्याय मिळाला नसता.

मूळ कागदांचे देवनागरी लिप्यंतर करताना शुद्धलेखन बदललेले नाही. शुहूर सन आणि चांद्र तारीख जशीच्या तशी ठेवून पुढे इसवी सनाची तारीख दिली आहे. रकमा रुपये-आण्यांतच आहेत. आजच्या किमतीत त्यांचे रूपांतर केलेले नाही, कारण निरनिराळ्या नाण्यांचा बट्टा, धान्याचा तेव्हाचा भाव आणि मजुरी हे सगळे धरल्याशिवाय तसे रूपांतर दिशाभूल करते. त्याऐवजी शेवटी त्याच महालातल्या त्याच सालच्या ज्वारीच्या, तुपाच्या आणि शिपायाच्या दरमहाच्या नोंदी एकत्र दिल्या आहेत. रकमेचे वजन वाचकाने त्यांवरून पाहावे.